शिरपा नावाचं पातेलं

“नको हो काका, हे शिरपा निघेल.”

शाहूपुरीतल्या भांड्यांच्या दुकानात माझ्या शेजारी उभी असलेली एक मुलगी दुकानदाराला म्हणाली. पाठीवर सॅक, बुटांना वाळलेला चिखल, सोबत तिच्याच वयाचे दोघे जण. त्यांना डोंगरातल्या मुक्कामाला न्यायला पातेलं हवं होतं. दुकानदाराने पुढे केलेल्या पातेल्याचा कान तिने दोन बोटांत धरून वरखाली हलवला, कानाच्या खिळ्याखाली नख घालून पाहिलं आणि पातेलं परत ढकललं.

मी विचारलं, “शिरपा म्हणजे काय गं?”

“म्हणजे ऐन वेळी दगा देणारं. आमच्या मंडळातला शब्द आहे आजोबा, जुना.”

“कुठनं आला?”

“काय माहीत? कुठला तरी ब्रँड असेल पूर्वीचा.”

तिने मंडळाचं नाव सांगितलं. डोंगर हिंडणाऱ्यांचं ते मंडळ आम्हीच काही जणांनी सुरू केलेलं. बरीच वर्षं मी त्याचा अध्यक्ष होतो. त्या मुलीने मला ओळखलं नाही, त्यात तिचा दोष नाही. पण कान हलवून पाहायची, खिळ्याखाली नख घालायची तिची ती रीत मी ओळखली. ती रीत ज्याची, त्याचंच नाव तिच्या तोंडी शिवीसारखं आलं होतं.

शिरपा हा ब्रँड नव्हता. श्रीपती चौगले हे त्याचं नाव. राहणार गडमुडशिंगी. कोल्हापुरातल्या एका सरकारी कचेरीत त्याने आणि मी शेजारच्या टेबलांवर नोकरी केली. माझ्या पाहण्यात भांड्याची पारख त्याच्याइतकी कुणालाच नव्हती, आणि त्याने निवडलेलं एकही भांडं कधी दगा देऊन गेलं नाही. एकही नाही. हे मी आज लिहितो आहे. ज्या दिवशी बोलायचं होतं त्या दिवशी बोललो नाही.

शिरपा दिसायला आडवा, मान जवळजवळ नव्हतीच, आवाज असा की कचेरीच्या एका टोकाला तो कुजबुजला तर दुसऱ्या टोकाची माणसं माना वर करायची. नम्रपणा त्याच्या गावीही नव्हता. स्वतःचं कौतुक तो स्वतःच करायचा, आणि आपण ऐकत नसलो तर कोपर मारून ऐकवायचा. वाद घालायला त्याला विषय लागत नसे. चहा आधी उकळावा की साखर आधी घालावी यावर त्याने एकदा साहेबांशी एवढी हुज्जत घातली की साहेबांनी त्या दिवसापासून बिनसाखरेचा चहा घ्यायला सुरुवात केली.

त्याचा बाप गुळव्या होता. गुऱ्हाळावर उसाचा रस आटून गूळ कधी झाला हे ठरवणारा आणि काहील, म्हणजे रसाची भली मोठी कढई, चुलाण्यावरून उतरवायचा हुकूम देणारा तो गुळव्या. शिरपाचं लहानपण त्या काहिलीच्या धगीत गेलं. उकळता पाक भरलेली काहील माणसं दांड्या लावून उचलतात तेव्हा काय जोखीम असते, हे त्याने बापाच्या मांडीला लागून पाहिलेलं. त्यामुळे भांडं म्हटलं की त्याला आधी आठवायचं ते अन्न नव्हे, उचलणं.

“भांडं बुडानं मरत न्हाय, कानानं मरतं,” असं तो म्हणे. “बूड जळंल, चेमटंल, काळं हुईल, पर त्ये मराण न्हवं. कान गेला की भांडं गेलं.”

आम्ही मंडळ काढलं तेव्हा मुक्कामाची भांडी घ्यायला मी आणि तो शाहूपुरीत गेलो होतो. मी आपला चकचकीत स्टीलच्या भांड्यांपुढे उभा राहिलो. शिरपाने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

“पातळ स्टील चुलीवर नगो. मधीच भात लागतो, कडंनं कच्चा ऱ्हातो. जर्मनचं काढा, जाड पत्र्याचं.” ॲल्युमिनियमला आमच्याकडे जर्मन म्हणतात. मग दुकानदाराला म्हणाला, “नि डाग दिऊन चिकटवलेला कान नगो, खिळ्याचा दावा. तीन खिळ्यांचा.”

दुकानदाराने पातेलं दिलं. शिरपाने काठावरून बोट फिरवलं, काठ आत वळवलेला आहे ना बघितलं. बूड किंचित गोलसर, म्हणजे तीन दगडांत बसेल. झाकण सपाट, म्हणजे वेळेला त्यावर भाकरी भाजता येईल. लहान पातेलं मोठ्यात जातं का, आणि त्यात कांदे भरायला जागा उरते का. हे सगळं होईपर्यंत दुकानदार हसऱ्या तोंडाने उभा होता. मग शिरपाने पातेल्याचा कान दुकानाच्या शटरच्या कडीत अडकवला, दोन्ही हातांनी दुसरा कान धरला आणि पाय वर उचलून लोंबकळला.

दुकानदार ओरडला, “ओ पावणं! भांडं घ्यायला आलाय का शटर काढायला?”

“शटर ऱ्हाऊ दे तुमचं. कान बघायलोय.”

“आवं, पातेल्यात भात शिजवत्यात, त्याला लोंबकळत न्हाईत!”

“भांडं घाटावर चढंवताना तुमच्या खांद्यावं न्हेणार हाय का? वाटंवं पाय घसरला तर ह्योच कान धरायचाय मला.”

शटर जरा खाली आलं. कान आला नाही. ते पातेलं आम्ही घेतलं. पुढची कित्येक वर्षं मंडळाच्या प्रत्येक मुक्कामात ते चुलीवर चढलं.

नवं भांडं डोंगरात नेण्याआधी तो ते कचेरीत आणायचा. आठवडाभर त्यातच चहा. मग एके दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, त्याने भरलेलं पातेलं जिन्याच्या वरच्या पायरीवरून सोडून दिलं. आवाज असा झाला की तळमजल्यावरची माणसं फायली टाकून रस्त्यावर आली. साहेब जिन्यात येऊन उभे राहिले. पायऱ्यांवरून पाणी ओघळत होतं आणि शिरपा तळाशी उकिडवा बसून पातेल्याचा कान हलवत होता.

“चौगले, हे काय आहे?”

“पडलं साहेब.”

“आपोआप?”

“न्हाय. मी पाडलं. पडायच्या आदी पाडून बगावं साहेब, मंग पडताना भ्या वाटत न्हाय.”

साहेबांनी फक्त पायऱ्या पुसायला सांगितल्या. शिरपाने स्वतः पुसल्या, आणि पुसता पुसता जाणाऱ्या-येणाऱ्याला पातेलं दाखवलं.

लग्नात लोक घड्याळं, डिनर सेट, समया द्यायचे. शिरपा पातेलं द्यायचा. माझ्या मुलीच्या लग्नात स्टेजवर ते वर्तमानपत्रात गुंडाळलेलं जाड पातेलं घेऊन तो आला आणि माइकवाल्याच्या हातातला माइक काढून घेऊन जावयाला म्हणाला, “पावणं, ह्येचा कान तुटला तर मला कळवा, दुसरं देतो. माझ्या पोरीचं मन मोडलं तर कळवू नगा, मी आपणच यीन.” मांडव हसला. मुलगी रडली. ते पातेलं पुण्यात तिच्या स्वयंपाकघरात अजून आहे. दूध त्यातच तापतं. मी गेलो की मी त्यात पाहत नाही.

उचलण्याचा त्याचा एक नियम होता. बापाकडून आलेला. दांडी दोन्ही कानांतून घालून दोघांनी भांडं उचलायचं, तेव्हा भांड्याकडे बघायचं नाही, समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं. भांडं काही सांगत नाही, तोंड सांगतं. आणि ज्याला सोडायचं असेल त्याने आधी तोंडाने म्हणायचं, “सोडतो.” समोरच्याने “सोड” म्हटल्याशिवाय हात काढायचा नाही. मग हाताला फोड येवो की काही होवो. गुऱ्हाळावर हा शब्द न म्हणता हात काढलेल्या माणसाला बापाने पुन्हा दांडीला हात लावू दिला नाही, असं तो सांगे. मंडळातल्या प्रत्येक नव्या माणसाला तो आधी रिकामं पातेलं उचलायला लावून हा शब्द म्हणवून घ्यायचा. पोरं टिंगल करायची. मोटारसायकलवरून उतरतानाही एकमेकांना “सोडतो” म्हणायची. शिरपाला त्याचंही कौतुक.

आणि उकळतं भांडं शक्यतो हलवायचंच नाही, हा त्यावरचा नियम. “भरलं भांडं हलवू नगा, माणसं हलवा.”

मसाई पठारावरच्या त्या मुक्कामाला वीसेक वर्षं होऊन गेली असतील. हिवाळा होता. सकाळी उन्हं वर आली तशी पठारावर वाऱ्याने दिशा बदलली आणि चुलीचा सगळा धूर राहुट्यांच्या अंगावर यायला लागला. त्या दिवशी आमच्याबरोबर बाहेरची काही मंडळी होती. मी त्यांना मंडळात घ्यायला बघत होतो. ती खोकत, डोळे चोळत बाहेर आली. चुलीवर आळणी रश्श्याचं पातेलं उकळत होतं. शाहूपुरीतलं, शटरला लटकवलेलं तेच.

मी म्हणालो, “शिरपा, चूल पलीकडं घेऊ. पातेलं उचला.”

“रस्सा खळखळ उकळायलाय. हात लावायचा न्हाय. माणसं तिकडं बसवा की.”

“पाहुणे आहेत रे. त्यांना कुठं हलवू?”

“पावण्यांस्नी पाय हायत. पातेल्याला न्हाईत.”

सगळे हसले. माझी मंडळी माझ्यापुढे हसली, आणि बाहेरचीही. मला ते लागलं. मी म्हणालो, “अध्यक्ष मी आहे. उचलायचं.”

शिरपाने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग दांडी आणली. “बरं. पर एका अंगाला मी, नि दुसऱ्या अंगाला तू. हुकूम तुझा हाय, तर दांडीबी तुझीच.”

आम्ही उचललं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो, तो माझ्या. दोन-तीन पावलं गेलो. वाऱ्याचा झोत आला आणि पातेल्यातली वाफ वळून माझ्या मनगटावर आणि तोंडावर आली. मी हात काढला.

“सोडतो” म्हणालो नाही. म्हणायला वेळ नव्हता असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. वेळ होता. शब्द तोंडात आला नाही, एवढंच.

पातेलं कातळावर आपटलं, कलंडलं. पलीकडे रझाक मुल्ला नव्या चुलीचे दगड लावत बसला होता. रझाक शाहूपुरीतला शिंपी. आमच्या राहुट्या, आमच्या पाठीवरच्या पिशव्या त्यानेच शिवलेल्या. उकळता रस्सा त्याच्या दोन्ही पायांवर गेला.

तो आवाज मी लिहीत नाही.

धावाधाव झाली. कुणी पाणी ओतलं, कुणी गाडी आणायला पळालं. आणि कुणीतरी मला दोन्ही खांदे धरून हलवत विचारलं, “काय झालं? बापूसाहेब, झालं काय?” माझ्या पायाशी पातेलं पडलं होतं. कातळावर आपटलेल्या बाजूचा त्याचा कान खिळ्यांसकट उखडून वेगळा झाला होता.

मी म्हणालो, “कान तुटला.”

खोटं नव्हतं. कान तुटला होताच. पण पातेलं पडल्यावर कान तुटला होता, आणि ऐकणाऱ्यांनी घेतलं ते उलट: कान तुटला म्हणून पातेलं पडलं. मी तसं घेऊ दिलं. समोर शिरपा दांडी हातात धरून उभा होता. त्याने अजून त्याचं टोक सोडलं नव्हतं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

तो सुरुवातीपासून माझ्याच तोंडाकडे बघत होता. नियमच तसा होता.

इस्पितळात रझाकला आत नेलं आणि आम्ही बाहेर बाकावर बसलो. शिरपा माझ्याजवळ सरकला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज शेजारच्याला ऐकू जाणार नाही इतका खाली आलेला मी ऐकला.

“बापू, कान आदी न्हाय तुटला.”

रझाकला नेलं त्या दाराकडे मी बघत राहिलो.

“वाफ आली तुझ्या हातावं. कुणाचाबी हात सुटंल. तू एवढंच सांग, हात सुटला. कोण तुला फाशी दिणार न्हाय.”

“नंतर बोलू,” मी म्हणालो. “आता रझाकचं बघू.”

“बघू की. पर आजच सांग. उंद्या सांगितलंस तर ते येगळं हुतंय.”

त्याचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी ते वेगळं झालं. दुसऱ्या दिवसापर्यंत सगळ्या कोल्हापुरात, म्हणजे आमच्या ओळखीच्या कोल्हापुरात, झालं होतं की शिरपाने आणलेल्या जुन्या पातेल्याचा कान तुटला आणि गरिबाचे पाय भाजले. शटरला लोंबकळण्याची गोष्ट लोक आता दुसऱ्या अर्थाने सांगायला लागले. लटकून लटकून यानेच कान सैल केला असणार, म्हणाले. मी ते नाकारलं नाही. मी अध्यक्ष होतो. रझाकच्या घरच्यांना धीर द्यायला पुढे मीच होतो. त्याच्या बायकोने माझ्या पायांना हात लावला. आता काय सांगणार होतो? एक एक दिवस जात होता आणि सांगायची गोष्ट जड होत होती, उचलेनाशी.

रझाकच्या पायांच्या जखमा भरून आल्या, पण घोट्यापाशी कातडं ओढून धरलं गेलं. पायाने चालवायचं मशीन त्याला चालवता येईना. मंडळाने त्याला मोटर बसवून दिली. त्या कार्यक्रमाला शिरपा आला होता. कुणी त्याला बस म्हणालं नाही. तो भिंतीला टेकून उभा राहिला, आणि भाषणं संपल्यावर त्याने मोठ्याने विचारलं, “मी निवडलेलं भांडं व्हतं ते. त्येचा कान आदी तुटला असं कुणी बघितलं?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, “शिरपा, आता ते उकरून काय उपयोग? माणूस वाचला हे महत्त्वाचं.”

टाळ्या पडल्या. माझ्या समजूतदारपणाला.

त्यानंतर भांडी निवडायचं काम त्याच्याकडून गेलं. त्याला कुणी काढलं नाही, नुसतं विचारणं बंद झालं. नवी भांडी मी घेतली, चकचकीत. त्यांत भात लागायला लागला आणि पोरं म्हणायला लागली, “हेपण शिरपाच दिसतंय.” शब्द असा जन्मला. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी हसलो होतो. हेही लिहायलाच हवं.

शिरपाने ते पातेलं आणि तुटलेला कान घरी नेला होता. कान फडक्यात बांधून तो शिरोली एमआयडीसीत ओळखीच्या एका फौंड्रीवाल्याकडे गेला. त्या माणसाने तुटलेली कड बघून सांगितलं, हा ओढून तुटलेला नाही, आपटून तुटलेला आहे. शिरपा नाचत मंडळात आला. लोक म्हणाले, “मामा, तुमचाच माणूस त्यो. तुमच्यासारखंच बोलणार.” मग त्याने गडमुडशिंगीतल्या घरापुढच्या लिंबाच्या फांदीला ते पातेलं राहिलेल्या एका कानावर टांगलं आणि पातेल्याला दोर आवळून खाली वजनं लावायला सुरुवात केली. आधी विटा. मग वाळूची पोती. मग दगडी पाटा. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून दाखवायचा. “बगा पावणं, ह्यो बी त्याच खिळ्यांचा, त्याच हातचा. तुटतोय का?”

लोक बघायचे आणि म्हणायचे, “पर ह्यो दुसरा कान, मामा. तुटला त्यो येगळा.”

चांगल्या कानाने तुटलेल्या कानाची साक्ष देता येत नाही. साक्ष देणारा एकच होता आणि तो कोल्हापुरात पंख्याखाली बसला होता. तरी तो वजन वाढवत राहिला. त्याची बायको, आक्काताई, मला एकदा महाद्वार रोडला भेटली. म्हणाली, “भावजी, तुमचं ऐकत्यात ते. तेवढं झाडावरचं काढायला सांगा की. लोक हसत्यात. रातच्याला उठून बसत्यात नि म्हणत्यात, अजून येक पोतं लावून बघतो.” मी सांगतो म्हणालो. काय सांगणार होतो?

एकदा दुपारी तो माझ्या घरी आला. पोत्यात पातेलं. माझ्या बायकोने चहा दिला, तो त्याने न फुंकता घोटभर घोटभर घेतला. ती आत गेल्यावर म्हणाला, “बापू, मी सांगितलं तर भांडाण हुतंय. तू सांगितलंस तर खरं हुतंय. म्हणून मी सांगत न्हाय. मी वाट बगायलोय.”

“इतक्या वर्षांनी कोण विश्वास ठेवणार, शिरपा?”

“मी ठिवतो की,” तो म्हणाला. “माझ्यापुढं तरी म्हण. ह्या खोलीत. दुसरं कुणी न्हाय. तू म्हण नुसतं, ‘शिरपा, आदी कान तुटला न्हवता.’ मी उठून जातो नि ह्ये परत झाडाला लावत न्हाय.”

तेवढा मोठा माणूस माझ्याकडे भीक मागत होता, आणि मागत काय होता, तर त्याला स्वतःला माहीत असलेलीच गोष्ट. मला ती त्या खोलीतही देता आली नाही. म्हटली असती तर मी तिथेच, माझ्या घरात, माझ्या खुर्चीत दुसरा कुणीतरी झालो असतो. मी म्हणालो, “तू फार मनाला लावून घेतलंस.” तो उठला. पातेल्याचं पोतं खांद्यावर घेतलं. जाताना चहा चांगला झाल्याचं माझ्या बायकोला ओरडून सांगून गेला.

शिरपा वारला त्याला काही वर्षं झाली. मातीला मी गेलो होतो. मंडळातलं दुसरं कुणी नव्हतं. लिंबाच्या फांदीला दोर घासून पडलेली खाच दिसत होती. पातेलं खाली कोंबड्यांच्या पाण्याला ठेवलं होतं, एका कानाचं.

परवा त्या दुकानातून मी पातेलं न घेता बाहेर पडलो आणि तसाच रझाककडे गेलो. तोही आता थकला आहे. मोटरचं मशीन पोरगा चालवतो, रझाक काजं करत बसतो. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बसलो असतो तर सांगता आलं नसतं.

रझाकने सुई कापडात खोचली. तो स्वतःच्या घोट्याकडे बघत होता. मी शिव्यांची वाट बघत होतो, मला त्या हव्या होत्या.

“बापूसाब,” तो म्हणाला, “पायाचं जाऊ द्या. पाय माझंच हुते. पर मी त्येच्या मातीला गेलो न्हाय की ओ. आक्काताईनं माणूस पाठवलेला. मी म्हटलं, पायांस्नी चालवत न्हाय. चालवत हुतं.” मग घोट्यावर हात ठेवून, “त्यो रस्त्यात दिसला की मी पलीकडनं जायचो. ते आता मी कुणाला परत दिऊ? तुमाला दिऊ?”

त्याने सुई काढून काज करायला घेतलं, आणि मी जायला निघालो तेव्हा त्याने मान वर केली नाही.

मंडळातल्या मुलामुलींनी हे वाचावं म्हणून लिहिलं. शब्द बदला असं सांगायचा मला अधिकार नाही. पण वापरायचाच असेल तर त्याच्या जागी माझं नाव घाला.

शिरपाला मी शेवटचं जिवंत पाहिलं ते त्याच्या घरापुढे. तो आजारी आहे असं ऐकून गेलो होतो. उतरती दुपार होती. तो फार वाळला होता, इतका की त्याला मान असल्याचं मला पहिल्यांदा दिसलं. पातेलं झाडावर होतं. वाळूची पोती काढून खाली रचलेली, आणि त्यांच्या जागी पातेल्याला आवळलेल्या दोराला पाळण्यासारखी एक फळी टांगलेली.

“पोती उचलाय हुत न्हाईत आता,” तो म्हणाला. “म्हणून मीच बसतो. ये, बस.”

“मी कशाला?”

“बस की. पडत न्हाईस.”

गल्लीतल्या दोन बायका थांबून बघत होत्या. मी बसलो. माझे पाय अजून जमिनीला होते, आणि त्याने दोन्ही हातांनी दोर धरून माझा भार स्वतःकडे घेतला होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. तो पातेल्याकडे बघत नव्हता. माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि तेव्हाही, मला वाटतं, वाट बघत होता.

“पाय उचल,” तो म्हणाला.

मी उचलले. डोक्यावर तो एकुलता कान करकरला आणि थांबला.

“बापू,” तो म्हणाला, “सोडतो.”

मी “सोड” म्हणेपर्यंत त्याने हात काढला नाही.